फॉरेन रिटर्न, व्हाया लातूर

परदेशात शिकून माणूस लीडर होतो का? पुण्याहून लातूर, लातूरहून नांदेड. एका वीकेंडला हा प्रश्न बॅगेत टाकून केलेली भटकंती.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना भाचीचा मेसेज आला. ‘मामा, ॲडमिशन झालं. जर्मनी. पप्पा बोलत नाहीयेत. तू ये.’

एवढंच. नांदेडमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी एरवी मेसेजमध्ये इमोजींचा पाऊस पाडते. त्या दिवशी एकही इमोजी नव्हता. म्हटलं, मामला सीरियस आहे. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. आधी लातूरला आईकडे, मग तिथून नांदेड.

आमच्या खानदानातला पहिला ‘फॉरेन रिटर्न’ मी. २०१३ ते २०१५ अशी दोन वर्षं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका पावसाळी शहरात काढली आणि परत आलो. त्यामुळे घरात कुणाचा पासपोर्ट निघाला, तरी पहिला फोन मला येतो. ‘जाऊन काय फायदा?’ हा प्रश्न तर ठरलेला. मीही ठरलेलं उत्तर देतो: कॉन्फिडन्स येतो, एक्स्पोजर मिळतं, लीडरशिप डेव्हलप होते. पण या वेळी प्रश्न दाजी विचारणार होते. आणि दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय आणि आतून काय उगवतं, यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

गंजगोलाईतली सकाळ

लातूरला उतरलात की आधी गंजगोलाईत जा. मधोमध गोल इमारत, तिच्याभोवती बाजार आणि चहूबाजूंना फुटलेले सोळा रस्ते. कुठल्याही रस्त्यानं आत या, गोलाईतच पोचता. बाहेर पडताना मात्र नवख्याची हमखास गंमत होते. मी इथलाच असून दोनदा चुकलो!

सकाळी प्लेटभर सुशीला आणि वर कटिंग. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे म्हणा. पुण्यात कितीही कॅफे उघडोत, हा आयटम तिथं मिळायचा नाही. शेजारच्या बाकावर पाठीला सॅक लावलेली तीन पोरं बसली होती. एक किनवटकडचा, एक बीडचा, एक थेट जळगावचा. नीटची तयारी करायला आलेली. लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी फिरलात तर सायकलींचा, सॅकचा आणि मेसच्या डब्यांचा पूर राज्यभरातून आलेला दिसतो. त्या किनवटच्या पोरासाठी लातूर हेच फॉरेन आहे. पहिल्यांदा घराबाहेर, पहिल्यांदा रूम पार्टनर, पहिल्यांदा स्वतःचे कपडे स्वतः धुणं.

‘लातूर पॅटर्न’ हे नाव तुम्ही ऐकलेलं असेलच. १९७० साली सुरू झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय त्याच्या केंद्रस्थानी होतं आणि तो घडवणाऱ्यांमध्ये प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. गंमत म्हणजे सायन्सच्या मार्कांसाठी गाजलेल्या या पॅटर्नमागचा माणूस साहित्याचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि संस्कृती हा त्यांच्या लेखनाचा विषय. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा पहिले कुलगुरू तेच झाले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लेखन मराठवाड्यात आणणारे आणखी एक प्राध्यापक म्हणजे डॉ. म. ना. वानखेडे. त्यांनी फ्लोरिडात पीएच.डी. केली आणि परत येऊन औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयातल्या पोरांना सांगितलं, की जगाच्या दुसऱ्या टोकाला तुमच्यासारखीच माणसं स्वतःचं दुःख स्वतःच्या भाषेत लिहितायत. पुढे मराठवाड्यात दलित साहित्य ज्या ताकदीनं उभं राहिलं, त्यात या एका परदेशवारीचा वाटा आहे. एक माणूस शिकायला गेला आणि येताना सामानात पुस्तकं घेऊन आला. बस!

तेव्हा फॉरेन म्हणजे हैदराबाद

आई सांगते, की तिच्या आजोबांच्या काळात गावातला मुलगा हैदराबादला शिकायला निघाला, की अख्खं गाव वेशीपर्यंत सोडायला यायचं. मी हसायचो. नंतर वाचलं, तेव्हा हसू थांबलं.

१९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडलं. निजामाचं नाणं वेगळं, हाली शिक्का. पोस्ट वेगळं. हद्दीवर जकातीचे करोडगिरी नाके. लातूरचा माणूस बार्शीला गेला, की तो निजामाच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात जायचा. सांगा, हे फॉरेन नाही तर काय?

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. त्याआधी उच्च शिक्षणासाठी मोठा आधार हैदराबादच्या उस्मानियाचा. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात शिकवायची भाषा उर्दू होती. म्हणजे नांदेडच्या मुलानं घरी मराठी बोलायचं, लेक्चर उर्दूत ऐकायचं आणि होस्टेलच्या खोलीत तेलुगू, कन्नड मुलांबरोबर राहायचं. आज ज्याला आपण ‘मल्टिकल्चरल एन्व्हायर्न्मेंट’ म्हणून सीव्हीत लिहितो, ते त्या पोरांना मेसच्या ताटात मिळायचं.

आणि मग आलं १९३८. उस्मानियाच्या होस्टेलमध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली. मुलांनी ऐकलं नाही. शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं. अठरा-वीस वर्षांची पोरं, घरी काय सांगायचं? त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठानं. त्या चळवळीत वारंगळच्या कॉलेजातून बाहेर पडावं लागलेला एक तेलुगू मुलगाही असाच महाराष्ट्रात आला, पुण्या-नागपुरात शिकला आणि मराठी इतकी पक्की शिकला, की पुढे त्यानं हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव. ज्या विदर्भात शिकले, तिथल्याच रामटेकमधून ते नंतर लोकसभेवर निवडूनही गेले.

आता ही गंमत बघा. १९९१ साली नरसिंह राव पंतप्रधान झाले. त्यांचे गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण, उस्मानियातून वकिली शिकलेले. लोकसभेचे अध्यक्ष झाले चाकूरचे शिवराज पाटील, तेही उस्मानियाचेच विद्यार्थी. पंतप्रधान, गृहमंत्री, सभापती, तिघंही जुन्या हैदराबाद संस्थानातले! तिघांनीही तरुणपणी घर आणि भाषा ओलांडून शिक्षण घेतलं होतं. शंकररावांनी तर स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर वकिली बाजूला ठेवून हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली. याच लढ्यातले गोविंदभाई श्रॉफ गणित शिकायला थेट कलकत्त्यापर्यंत गेले होते. पदवीसोबत नवे राजकीय विचार घेऊन आले, आणि मराठवाड्यातच राहिले.

म्हणून कुणी ‘बाहेर शिकून लीडर घडतात का?’ असं विचारलं, तर आमच्या भागाचा इतिहास हो म्हणतो. पण विमानाचं तिकीट त्या उत्तरात कुठंच नाही.

सिंकमधली भांडी

माझं सांगतो. इंग्लंडमधल्या पहिल्या टर्मला मी एक निबंध लिहिला. प्रोफेसर लेक्चरमध्ये जे बोलले, ते सगळं सुंदर इंग्रजीत, क्रमवार. लहानपणापासून हेच तर केलं होतं आणि मार्कही मिळाले होते. इथं मात्र काठावर पास झालो. खाली पेन्सिलीनं शेरा होता, की हे सगळं मला माहीत आहे, तुला काय वाटतं ते कुठं आहे? बाविसाव्या वर्षी मला कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं, की तुला काय वाटतं. आणि मला काहीच वाटत नव्हतं! त्या रात्री झोप लागली नाही.

लीडरशिपचा दुसरा धडा सिंकमध्ये मिळाला. आम्ही पाच जण एका घरात राहायचो. एक नायजेरियन, एक ग्रीक, दोन चिनी आणि मी. भांडी कुणी घासायची यावरून महाभारत. ऐन डिसेंबरात घराचं हीटिंग बंद पडलं. घरमालक फोन उचलेना. प्रत्येक जण आपापल्या भाषेत शिव्या देत रजई गुंडाळून बसलेला. शेवटी मी सगळ्यांना किचनमध्ये बोलावलं, एक पत्र लिहिलं, पाच सह्या घेतल्या आणि विद्यापीठाच्या हाउसिंग ऑफिसात नेऊन दिलं. चार दिवसांनी हीटिंग सुरू झालं. त्यानंतर भांड्यांच्या पाळ्याही मीच लावू लागलो. ग्रीक मित्र मला ‘प्रेसिडेंट’ म्हणायचा.

माझ्या हातात काहीच नव्हतं. ना ओळख, ना आडनाव, ना ‘आमचे काका नगरपालिकेत आहेत’ म्हणायची सोय. गावाकडे कुठलंही काम अडलं, की आपण आधी ओळख शोधतो. तिथं ओळखच नसल्यामुळे सरळ माणसांशी बोलावं लागलं. पाच जणांना एका कागदावर आणायला किती मनधरणी करावी लागते, ते तेव्हा कळलं.

पाण्याची ट्रेन

मग मी हिरो होऊन परत आलो. असं मला वाटत होतं.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूरमध्ये पाण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावावी लागली होती. आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. ज्या मार्गावर कधीकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची आणि शिकायला निघालेली पोरं लातूरबाहेर न्यायची, त्याच मार्गानं आता लातूरकरांसाठी पिण्याचं पाणी येत होतं.

आमच्या गल्लीत टँकर आला, की रणकंदन. मी म्हटलं, थांबा, मी इंग्लंडमध्ये चार देशांची भांडी सांभाळलीयेत! एक्सेल शीट बनवली. घरागणिक माणसं, माणशी लिटर, वेळापत्रक. प्रिंट काढून दारोदार वाटली. दुसऱ्या दिवशी टँकर तीन तास उशिरा आला, वेळापत्रक कोसळलं आणि एका आजोबांनी माझ्या शीटचा कागद घडी घालून माठाखाली सारला. वर विचारलं, ‘हे काय करूलालास रे बाबा?’

प्रश्न सोडवला कोपऱ्यावरच्या काकूंनी. त्या शिवणकाम करतात, सातवी शिकलेल्या. त्यांनी प्रत्येक घरच्या घागरींना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या. टँकर कधीही येवो, रंगांची रांग आदल्या रात्रीच लागलेली. ज्या घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस, त्यांचा रंग पहिला. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण काकूंना प्रत्येक घराची अडचण पाठ होती. मी गुपचूप चिंध्या फाडायला बसलो.

परदेशातून काय आणलं, असं विचाराल तर मी तो दिवस सांगतो. जायच्या आधीचा मी असतो, तर शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या हाताखाली काम करायला मला कमीपणा वाटला असता. तिकडे दोन वर्षं सगळ्यांत कमी कळणारा माणूस म्हणून राहिलो होतो, म्हणून जमलं.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण तिचा मधला भाग पटकन उरकतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं पहिल्यांदा जातीशिवाय वावरले. आणि १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी परतले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत दिवस काढले, तिथूनही हुसकावलं गेलं. जगानं माणूस म्हणून वागवलेलं असताना स्वतःच्या देशातला हा अनुभव किती खोल लागला असेल? बाहेर राहिलं, की ‘हे असंच असतं’ हे वाक्य पटेनासं होतं. पुढची लढाई मात्र इथं, आपल्या माणसांत लढावी लागते. त्यांनी ती लढली, आणि १९५० साली मराठवाड्यात कॉलेज काढलं, तेच वर उल्लेख केलेलं मिलिंद.

नांदेड: जग जिथं येतं

लातूर-नांदेड एसटीनं तीनेक तास. अहमदपूर, लोहा, मग गोदावरी. नांदेडला आलात तर थेट हुजूर साहिबला जा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला. जन्म पाटण्याचा, कर्मभूमी पंजाब आणि अखेर गोदाकाठी. महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात इथला गुरुद्वारा बांधून घेतला. २००८ साली गुरता गद्दीचा तीनशेवा सोहळा झाला, तेव्हा शहराचं रूपच पालटलं.

लंगरमध्ये पंगतीला बसलो. एका बाजूला कॅनडाहून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला मुखेडचा शेतकरी, समोर भाची. कॅनडाच्या आजोबांनी तिला विचारलं, ‘बेटा, क्या करती हो?’ ती म्हणाली, ‘जर्मनी जा रही हूँ.’ मी डाळीत रोटी बुडवता बुडवता थांबलो. अजून घरात ठरलं कुठं होतं?

बाहेर आल्यावर मी तिला नरहर कुरुंदकरांबद्दल सांगितलं. ते हैदराबादला मामांकडे, डॉ. नांदापूरकरांकडे राहून शिकले. तिथल्या परीक्षांशी त्यांचं फारसं जमलं नाही. नांदेडला परत आले, शाळामास्तर झाले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि इथं बसून अख्ख्या महाराष्ट्राला विचार करायला लावला. ‘म्हणजे न जाताही होतं,’ मी म्हटलं. ती हसली. ‘मामा, ते गेले होते. हैदराबादला. मामाकडे. पॉइंट माझाच झाला.’

दाजींचा प्रश्न

रात्री जेवणं झाल्यावर दाजींनी विषय काढला. लीडरशिप वगैरे त्यांनी एका वाक्यात उडवली. ‘ते जाऊ द्या पाव्हणं. परत येईल का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बॅचचे आम्ही सात भारतीय. त्यांतले दोघंच परत आलो. बाकीचे पाच नालायक नाहीत. कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न, कुणाचं नुसतंच राहून गेलं. मी हे सरळ सांगितलं. दाजी गप्प. ताई स्वयंपाकघरातूनच ऐकत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

मग भाची वही घेऊन आली. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे शिकवणीची फी नाही, थोडी सेमिस्टर वर्गणी. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवायचे, मग तिथं महिन्याला ९९२ परत मिळतात. रुपयांत बारा लाखांच्या आसपास किंवा थोडे वर. तिनं आकडे वाचून दाखवले आणि वडिलांकडे बघत म्हणाली, ‘पप्पा, येईन की नाही ते आज खोटं सांगणार नाही. पण दर महिन्याला हप्ता माझ्या पगारातून जाईल, हे लिहून देते.’

दाजी म्हणाले, ‘शेत ठेवू तारण.’

तिनं मान हलवली. ‘बँक शेतजमीन सहसा घेत नाही, पप्पा. चौकशी केलीय मी. घर लागेल. आणि घर आजीच्या नावावर आहे.’

खोलीत शांतता. कॉटवर बसलेल्या आजीनं कवळी काढून वाटीत ठेवली होती, ती परत घातली. ‘मला कुणी विचारलंच नाही अजून,’ म्हणाल्या.

तर भाची आजीच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. युरो म्हणजे काय इथपासून. अर्धा तास. आजी मध्ये मध्ये थांबवून विचारायच्या, ‘आणि तू आजारी पडलीस तर?’ प्रत्येकाचं उत्तर होतं. एका प्रश्नाचं नव्हतं, तर तिनं तो वहीत लिहून घेतला.

मी बघत होतो. हे मला इंग्लंडमध्ये, रजईत गुंडाळलेल्या चार परक्यांसमोर जमलं होतं. ती अजून नांदेडच्या बाहेर पडलेलीही नव्हती.

सोमवारी मी सुट्टी टाकली. बँकेत आम्ही चौघं गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्च्या दोनच होत्या. दाजी सवयीनं पुढे झाले, मग थबकले. ‘तूच बोल,’ म्हणाले, आणि बाहेर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. आत एका खुर्चीवर आजी, एकीवर भाची. काचेतून फक्त तिचा हलणारा हात दिसत होता.

‘चहा घेणार का पाव्हणं?’ दाजींनी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

जायचंय?

कसं जाल: पुण्याहून लातूर आणि नांदेडला रात्रीच्या बस भरपूर. रेल्वेनंही दोन्हीकडे जाता येतं. मुंबईहून नांदेडसाठी नंदीग्राम, देवगिरी आणि तपोवन एक्स्प्रेस. लातूर ते नांदेड एसटी उत्तम.

काय बघाल: लातूरला गंजगोलाई, जवळच खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला. नांदेडला हुजूर साहिब, गोदावरीचा घाट, वाटेत वेळ असेल तर कंधारचा किल्ला.

काय खाल: सुशीला, निलंगा राइस, धपाटे आणि दही. हुजूर साहिबचा लंगर चुकवू नका. डोकं झाका, पंगतीत बसा.

शिकायला परदेशी जायचं असेल तर: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही वेगळ्या योजना आहेत. अटी बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. कर्जाच्या तारणाबद्दल बँकेत आधी विचारा. आणि घर कुणाच्या नावावर आहे, त्यांना सगळ्यांत आधी!